लॅमिनेट केलेली चिठ्ठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन झाला, त्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याकडच्या शुगर तपासणी शिबिराची बातमी आली होती, फोटोसकट. बातमी चांगली आहे, शिबिरं व्हायलाच हवीत, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्या फोटोत ज्या मावशींच्या बोटाला सुई टोचतायत त्या पुढे कुठे गेल्या, तीन महिन्यांनी त्यांना परत कोणी बोलावलं का, त्यांचे डोळे कोणी बघितले का, हे कुठेच छापून येत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांब होईल. कापायचंच झालं तर पुढचं मागचं कापा, आईचं मात्र राहू द्या.

राजापूर तालुक्यात एका खाडीकाठच्या बाजारात माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, पंधरा वर्षं झाली. सातबारा, आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड हे तर रोजचंच, पण त्यांच्या जोडीला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या किती येतात हे सांगून कोणाला खरं वाटणार नाही. आमच्याकडचा पाऊस असा की कागद पिशवीत ठेवला तरी चार महिन्यांत त्याचा लगदा होतो, आणि औषध आणायला दर महिन्याला मेडिकलमध्ये तीच चिठ्ठी दाखवायची असते, म्हणून लोक ती लॅमिनेट करून घेतात. माझ्या आईची चिठ्ठी मीच लॅमिनेट केली होती, २०१४ साली. स्वतःच्या हाताने पाऊचमध्ये घातली, मशीनमधून काढली, कोपरे कापून गोल केले म्हणजे टोचायला नको, आणि तिला दिली, म्हणाले आता फाटायची भीती नाही. त्या चिठ्ठीवर ती दहा वर्षं गोळ्या खात राहिली.

आईला शुगर आहे हे कळलं तेही एका शिबिरातच. ती अंगाने काटकुळी, आयुष्यभर शेतात आणि काजूच्या बागेत राबलेली, त्यामुळे रिपोर्ट ऐकून ती हसलीच, म्हणाली मला कसला डायबेटिस, तो बसून खाणाऱ्या जाड्या माणसांना होतो. आमच्याकडे आजही लोक असंच धरून चालतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगत आलेत की आपल्या लोकांचं वजन कमी दिसलं तरी अंगात, विशेषतः पोटाच्या आत, चरबी जास्त असते आणि बारीक दिसणाऱ्या माणसालाही डायबेटिस होतो. आशाताई घरी येऊन तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरतात त्यात कमरेचं माप घेतात ते ह्याचसाठी, बायका उगाच टाळतात. आणि हा शहरातला आजार आहे असं म्हणायचे दिवस पण गेले. २०२३ मध्ये आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब पाहणीचे आकडे आले, देशात १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस, आणि सगळ्या राज्यांत जास्त प्रमाण कुठे तर आमच्या शेजारी गोव्यात, २६.४ टक्के. बांदा सोडलं की गोवा, खाणं तेच, भात आणि माशाचं कालवण तेच.

तर गोळ्या सुरू झाल्या, मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड सकाळी. पहिल्या वर्षात आई दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आली. मग लावणी आली, मग गणपती, मग भावाचं लग्न, आणि जायचं राहिलं ते राहिलंच. गोळी मात्र तिने एक दिवस चुकवली नाही. आम्ही पण सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की आई गोळ्यांच्या बाबतीत एकदम पक्की आहे. सहा महिन्यांनी वर्षाने कधीतरी बाजारातल्या लॅबमध्ये उपाशीपोटी शुगर करायची, ती एकशेतीस-एकशेचाळीस यायची आणि आम्ही खूश. तपासायच्या आधी दोन दिवस ती भात सोडायची, नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी खाऊन राहायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही. उपाशीपोटीची शुगर म्हणजे फक्त त्या सकाळची गोष्ट, मागचे तीन महिने अंगात काय चाललं होतं ते कळायला एचबीएवनसी करावी लागते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटून बसते आणि तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, म्हणून त्या एका थेंबात मे महिन्यातले हापूस पण दिसतात आणि फणसाचे गरे पण, दोन दिवस भात सोडून तिथे काही लपत नाही. साधारणपणे हा आकडा ७ च्या आत हवा, वयस्कर किंवा आजारी माणसाला डॉक्टर थोडी सूट देतात. शुगर ताब्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, असेल तर सहा महिन्यांनी करायची. अंगात रक्त कमी असेल तर आकडा फसवू शकतो म्हणून हिमोग्लोबिन पण बघायचं. आणि ह्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण अर्धे लोक उपाशी राहायच्या भीतीनेच जात नाहीत. दहा वर्षांत आईची ही तपासणी एकदाही झाली नव्हती.

२०२३ च्या आषाढी एकादशीला एक गोष्ट घडली, तेव्हाच आमचे डोळे उघडायला हवे होते. आईने सकाळची गोळी घेतली आणि उपास धरला, कडक. दुपारी ओटीवर बसल्या बसल्या घामाने भिजली, हात थरथरायला लागले, काहीच्या काही बोलायला लागली, माझ्या भावाला ओळखेना. शेजारच्यांनी सांगितलं हे बाहेरचं आहे, नारळ उतरवून टाका, आणि नारळ सोलायला माणूस उठला सुद्धा. वहिनीला कुठेतरी ऐकलेलं आठवलं, तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटांत आई माणसात आली. (शुद्धीवर असेल तरच पाजायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन लावायचा.) आम्ही म्हटलं उपास बाधला आणि विषय सोडून दिला. वर्षभराने डॉक्टरांनी सांगितलं की किडनी कमजोर होत आली की ग्लिमेपिराइडसारखी गोळी अंगात जास्त वेळ राहते आणि शुगर एकदम खाली घसरते, त्यात पोट रिकामं असलं तर विचारूच नका. म्हणजे तोपर्यंत किडनी कमजोर होत आली होती आणि गोळी मात्र २०१४ चीच चालू होती. उपास करू नका असं मी कोणाला सांगणार नाही, आमच्याकडे ते कोण ऐकणार पण नाही, पण उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली सोडायची हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या, श्रावण लागायच्या आधी एक फेरी मारा.

गेल्या वर्षी गणपतीत आई मोदक वळायला बसली. पारीला कळ्या पाडताना तिची बोटं चुकायला लागली, एक कळी दुसरीवर चढायला लागली. जिच्या हातचे मोदक बघायला वाडीतल्या सुना यायच्या ती म्हणाली की डाव्या डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं आल्यासारखं वाटतंय, काळे धागे फिरतायत. सगळ्यांचं एकच, मोतीबिंदू असेल, डिसेंबरात शिबिर असतं तेव्हा काढून टाकू. मी पण तेच म्हटलं. त्यात दोन महिने गेले. मोतीबिंदू नव्हता, डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या शुगरने खराब झाल्यात, हे एका वर्षातलं नाही, हळूहळू झालंय, सुरुवातीला ना दुखतं ना दिसायला कमी येतं, म्हणून तर नीट दिसत असताना तपासायचं असतं. टाइप टू डायबेटिस नक्की कधी सुरू झाला हे कोणालाच माहीत नसतं, कळतो तो नंतर, म्हणून निदान झालं की लगेच एकदा आणि मग सहसा दरवर्षी पडदा तपासायचा. लेसर केलं, डोळ्यात इंजेक्शनं दिली. उजवा डोळा वाचला. डाव्याने आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं, लेसरने पुढचं नुकसान रोखता येतं, गेलेली नजर परत येत नाही.

त्याच वेळी बाकीचे रिपोर्ट झाले. एचबीएवनसी १०.४. लघवीतून प्रोटीन जातंय का ते बघायचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो असतो, तो ३० च्या आत हवा, तिचा २१०. बीपी १६०/९०, आणि बीपीची गोळी तर तिला कधी सुरूच नव्हती कारण कोणी मोजलंच नव्हतं. किडनी बिघडली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, पण ते उशिरा, लघवीतलं प्रोटीन त्याच्या कितीतरी आधी दिसतं, आणि तेव्हा कळलं तर किडनी सांभाळायला औषधं आहेत. लघवीची तपासणी, दुसरं काही नाही, सुई पण नाही.

डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी मागितली. आईने पिशवीतून काढून दिली, अजून चकचकीत, दहा वर्षांत एक डाग नाही. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि माझ्यासमोर धरली. खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत लहान अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती, रिव्ह्यू आफ्टर थ्री मंथ्स. मी ती चिठ्ठी त्या आधी कितीतरी वेळा हातात घेतली असेल, लॅमिनेट करताना तर सरळ करून नीट बसवली होती, ती ओळ मला कधी दिसली नाही. तीन महिन्यांनी दाखवायचा कागद मी दहा वर्षं टिकेल असा करून दिला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदा लिहितेय.

अजून एक गोष्ट त्या दिवशी बघितली ती सांगते. डॉक्टरांनी आईला डोळे मिटून झोपायला सांगितलं आणि एका प्लॅस्टिकच्या काडीला लावलेला नायलॉनचा धागा घेतला, दिसायला अगदी आपल्या गरीच्या तंगुसासारखा, पण तो ठरलेल्या जाडीचा असतो, १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. तो तळपायाला एकेका जागी टेकवायचा आणि कळलं की हो म्हणायचं. अंगठ्याला टेकवला, आई गप्प. बोटाखालच्या मांसल भागाला टेकवला, धागा वाकला, आई गप्पच. मला वाटलं तिला झोप लागली. टाचेच्या वर आल्यावर ती म्हणाली हो. मग मी तिच्या तळपायाकडे नीट बघितलं तर करंगळीच्या खाली एक काटा मोडलेला होता, भोवती कातडी काळी पडलेली, तिला पत्ताच नव्हता. आमच्याकडे माणूस चिखलात अनवाणी, कातळावर अनवाणी, देवळात अनवाणी, एप्रिलमध्ये जांभ्याची फरशी एवढी तापते की आपण उड्या मारत जातो, आणि ज्याला कळतच नाही तो शांतपणे चालत जातो आणि फोड घेऊन घरी येतो. आमच्या वाडीतल्या एका काकांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला, सुरुवात एका चपलेच्या खिळ्याने झाली होती. हा धागा टेकवायला दोन मिनिटं लागतात. डॉक्टरच हवा असं पण नाही, शिकवलं तर सिस्टर करू शकतात, उपकेंद्रातले सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) करू शकतात. आईच्या पायाला मुंग्या यायच्या त्याचं अजून एक कारण निघालं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काही जणांचं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी होतं, ते पण मधून मधून बघायचं असतं. औषध वाईट नाही, स्वस्त आणि चांगलं आहे, बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या नजरेखाली घ्या.

आता कोणी म्हणेल लोकांनीच जायला नको का. जायला हवंच. पण जाणं म्हणजे काय ते एकदा आमच्या गावातून निघून बघा. सातच्या एसटीला उपाशी बसायचं, डब्यात भाकरी घेऊन, घाटीच्या वळणांवर रिकाम्या पोटी उलट्या करणाऱ्या बायका मी बघितल्यात. लॅबमध्ये रक्त द्यायचं, मग कुठेतरी पायरीवर बसून खायचं, मग दोन तास थांबून परत रक्त. आम्ही ज्या सरकारी हॉस्पिटलात जायचो तिथे सॅम्पल दहापर्यंतच घ्यायचे आणि आमची एसटी पोचायची सव्वादहाला. शुगरचे डॉक्टर एका वारी, डोळ्यांचे दुसऱ्या वारी. डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले की संध्याकाळपर्यंत धूसर दिसतं, म्हणजे म्हातारं माणूस एकटं परत येऊ शकत नाही, जोडीला कोणीतरी हवंच, आणि जोडीला येणाऱ्याची मजुरी बुडते, आंब्याच्या दिवसांत तर बागेतून सुट्टी कोण देणार. मग रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. त्या रिपोर्टसाठी परत तीच एसटी. अशा दोन फेऱ्या झाल्या की माणूस म्हणतो गोळ्या चालू आहेत ना, मग कशाला. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

आणि ओरडा खायची भीती. ही कोणी बोलून दाखवत नाही पण आहे, मी दुकानात ऐकते. शुगर वाढलेली निघाली की डॉक्टर सगळ्यांसमोर बोलतात, भात बंद करा म्हणून सांगितलं होतं ना. कोकणातल्या माणसाला भात बंद म्हणजे जेवणच बंद. तो मान हलवतो, घरी येतो आणि परत जात नाही. त्यापेक्षा ताटात भात किती, सोबत भाजी किती, मासा किती, आधी काय खायचं, असं कोणी बसून सांगितलं तर तो ऐकेल आणि परत पण येईल. आईला आताच्या डॉक्टरांनी भात बंद केला नाही, एक वाटी ठेवलाय, बाकी भाजी, डाळ, मासे, आणि आंब्याच्या दिवसांत जेवणानंतर नाही तर मधल्या वेळी दोन फोडी. ती पाळते. तिचा ओरडा खायचा धसका गेला म्हणून ती आता तीन महिने झाले की स्वतःच आठवण करते.

सरकारचं काहीच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसे पण गेले. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथे सीएचओ बसतात, बीपी मोजतात, बोटाला टोचून शुगर बघतात, गोळ्या देतात. आमच्या सीएचओ ताई पावसात साकव ओलांडून येतात, आशाताई दारोदार फिरून फॉर्म भरतात, त्यांचा मान राखूनच हे लिहितेय. पण फॉर्म भरला, शुगर सापडली, नाव रजिस्टरला चढलं, गोळ्या मिळाल्या, इथे गाडी थांबते. आमच्या इथे एचबीएवनसी मिळत नाही, बाहेर चार-पाचशे रुपये जातात. लघवीचा तो रेशो कोणी सांगत नाही. पाय बघत नाहीत. पडदा तपासायला शहर गाठावं लागतं. आणि गोळ्या महिन्याच्या मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये रस्ता खचला किंवा खाडीला पाणी चढलं की मधले आठ-दहा दिवस सुटतात. नाहीतर लोक मेडिकलमधून दुसऱ्या नावाची गोळी आणतात आणि ही पण खातात ती पण खातात, दोन्हीत औषध एकच असतं हे कळत नाही.

लहान मुलांच्या लसीचं बघा. घरात काही सापडेल न सापडेल, बाळाचं लसीचं कार्ड कपाटात जपून ठेवलेलं असतं. कुठली लस कधी, चौकोन आखलेले, सिस्टर तारीख टाकतात, राहिली तर आशाताई घरी येऊन विचारतात बाळाला का नाही आणलंत. शाळेत न गेलेल्या आजीला पण ते कार्ड वाचता येतं, चौकोन रिकामा आहे एवढं तरी कळतंच. मग शुगरवाल्याला असं कार्ड का नाही. वर्षाचं एक कार्ड, त्यात दर वेळचं बीपी आणि वजन, एचबीएवनसीचे दोन किंवा चार चौकोन, लघवी, क्रिएटिनिन, कोलेस्ट्रॉल, डोळ्याचा पडदा, पाय आणि दात ह्यांचा एकेक. आणि चौकोन रिकामा राहिला की विचारायला येणारं माणूस. त्याच्यासाठी नवीन इमारत नको. महिन्यातला एक ठरलेला दिवस, शक्यतो बाजाराचा वार कारण त्या दिवशी लोक येतातच, सॅम्पल गावातच घ्यायचं, रिपोर्ट फोनवर पाठवायचा, फोनचं जमत नसेल तर माझ्यासारख्या दुकानातून प्रिंट काढून नेतील. पडद्याचा फोटो काढायचा कॅमेरा असतो, तो फोटो शिकलेला टेक्निशियन काढू शकतो आणि डोळ्यांचे डॉक्टर लांब बसून तो बघू शकतात, असा एक कॅमेरा तालुक्यात फिरता ठेवला तरी किती म्हाताऱ्यांची फेरी वाचेल. ज्यांची शुगर नीट आहे त्यांना मे अखेरीला पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आपण बेगमीचं तांदूळ-मीठ भरतो तसंच हे.

आणि मुंबईत असलेल्या मुलामुलींना पण सांगायचंय. गणपतीला येताना तुम्ही ग्लुकोमीटर आणता, प्रेमाने आणता. शिमगा येईपर्यंत पट्ट्या संपतात, नाहीतर डबीचं झाकण उघडं राहून आमच्या दमट हवेने खराब होतात आणि आकडे वाटेल ते दाखवतात. मशीन आणा, पण सुट्टीतला एक दिवस आईवडिलांना घेऊन तपासणीला जा, डोळ्यांना थेंब घालायचे त्या दिवशी तुमच्यासारखं धडधाकट माणूस सोबत हवं. बायकांच्या बाबतीत तर जास्तच, घरातली बाई नवऱ्याची गोळी आठवणीने देते, सासूला दवाखान्यात नेते आणि स्वतःची तारीख विचारली तर म्हणते मला काय धाड भरलीय. माझी आई हेच म्हणायची.

जुनी चिठ्ठी बदलून घ्यायचं अजून एक कारण आहे ते आजकाल स्वस्ताईचं पण आहे. आईची चिठ्ठी लिहिली तेव्हा शुगरच्या काही गोळ्या आमच्या आवाक्यातल्याच नव्हत्या. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ ला संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये, त्यानंतर खूप कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव उतरले, जनऔषधी केंद्रात अजून कमी. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी शुगरबरोबर किडनी आणि हृदय पण सांभाळते, प्रत्येकाला चालेलच असं नाही, पण डॉक्टरांना भेटलंच नाही तर कळणार कसं. इंग्लंडमध्ये यूकेपीडीएस म्हणून मोठा अभ्यास झाला, १९७७ ला सुरू झाला, १९९८ ला निकाल आले, आणि पुढे दहा वर्षांनी परत बघितलं तेव्हा दिसलं की ज्यांची शुगर सुरुवातीच्या वर्षांत नीट सांभाळली त्यांना त्याचा फायदा नंतरही मिळत राहिला. सुरुवातीची वर्षं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आई आता इन्सुलिनवर आहे, रात्रीचं एक. लाईट गेली की पहिलं तेच डोक्यात येतं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, तिथल्या इन्सुलिनवाल्यांनी काय केलं असेल ते मला आता कळतं. आम्ही न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये दारात ठेवतो, बर्फाच्या कप्प्यात नाही कारण गोठलं की ते फुकट जातं, आणि लाईट जास्त वेळ गेली तर प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती डबी ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात. मागच्या महिन्यात एचबीएवनसी ७.६ आली. लघवीतलं प्रोटीन कमी झालंय. यंदाच्या गणपतीत तिने एका डोळ्याने अकरा मोदक वळले, बाकीचे वहिनीने.

मी चिठ्ठ्या लॅमिनेट करायचं बंद केलंय. कोणी आणली की आधी तारीख बघते, मग खालचा कोपरा बघते. परवा एक आजोबा आले, २०१७ ची चिठ्ठी, तीच दोन औषधं. त्यांना म्हटलं झेरॉक्स देते, लॅमिनेट करत नाही, डोळे कधी तपासलेत. ते म्हणाले दिसतंय की मला सगळं. त्यांना बाकावर बसवलं आणि आईचं सांगितलं, बाजाराच्या दिवशी सीएचओ ताईंकडे घेऊन गेले.

तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याकडे रोज कितीतरी चौकोन छापले जातात, राशिभविष्याचा असतो, सोन्याच्या भावाचा असतो. वर लिहिलंय तसा शुगरच्या तपासण्यांचा एक चौकोन एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन छापा, मोठ्या अक्षरात, मराठीत, तारखेला मोकळी जागा ठेवून. मी तो कापून त्याच्या झेरॉक्स काढीन आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक शुगरवाल्याला फुकट देईन, कागद माझा, शाई माझी. लॅमिनेट करणार नाही, त्याच्यावर दर वेळी तारीख लिहायचीय.

आपली,
एक झेरॉक्स दुकानवाली
(राजापूर तालुका, जि. रत्नागिरी. आईला आवडणार नाही म्हणून नाव छापू नये ही विनंती.)